तीन चांदण्यांचं गिऱ्हाईक

आमच्या दाजींना कुणी फसवलं असं ताडकळसात कुणी म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याने आधी म्हणणाऱ्याकडेच संशयाने पाहिलं असतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. त्यांचं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान आहे. पण गावात त्यांचं वजन आहे ते दुकानामुळे नव्हे, बैलबाजारामुळे. कुणी बैल घ्यायला निघालं की दाजींना सोबत घेऊन जायचं, हा गावाचा शिरस्ता. बाजारात दलालाचाच एखादा माणूस गिऱ्हाईक होऊन उभा राहतो. खऱ्या गिऱ्हाइकाने भाव सांगितला की हा थोडा चढवतो, आणि खरं गिऱ्हाईक ईर्षेला पेटून आणखी चढतं. दाजी अशा माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि चारचौघांत प्रेमाने विचारायचे, "पाव्हणं, तुमची शेती कोन्च्या शिवारात हाय?" तेवढ्यावर तो माणूस चहा प्यायला म्हणून जायचा तो परत येत नसे.

मी परभणीला कॉलेजात शिकवतो. नावावर चार-दोन पुस्तकं आहेत. त्यामुळे अक्काच्या घरी माझा उपयोग इंग्रजी कागद वाचण्यापुरता आहे, असा दाजींचा समज आहे आणि मी तो कधी खोडून काढलेला नाही. रविवारी सकाळच्या गाडीने मी ताडकळसला जातो, अक्काच्या हातचं जेवतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो.

अशाच एका रविवारी दाजींनी मला फोन दाखवला. त्यावर एक पितळी कंदील होता. रेल्वेचा हातकंदील, वरची टोपी फिरवली की लाल, हिरवा, पांढरा असा उजेड बदलणारा. दाजींचे वडील चुडाव्याच्या स्टेशनात पॉइंटमन होते, छोट्या लाइनीच्या काळात. रूळ बदलायचे आणि गाडीला कंदील दाखवायचा. नोकरी संपली तेव्हा कंदील सरकारजमा झाला. दाजी तेव्हा शाळेत होते, आणि वडील कंदील देऊन रिकाम्या हाताने घरी आले त्याचं त्यांना वडिलांपेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. हे मी अक्काकडून ऐकलेलं. दाजी स्वतः असलं काही बोलत नाहीत. त्यांनी मला एवढंच सांगितलं की निजामाच्या रेल्वेचा असली कंदील हाय, लिलावात निघालाय, आणि आपण तो घ्यायलाव.

लिलाव म्हणजे फोनवरचा. जुन्या वस्तूंचा लिलाव करणारी ती एक कंपनी होती. विकणारा कुणीतरी दूरच्या शहरातला, घेणारा कुठलाही, आणि मध्ये ही कंपनी. ठरलेली वेळ होईपर्यंत बोली लावायची, शेवटी जो वर त्याची वस्तू. कंपनीने मराठीची सोय केलेली होती. ती मराठी कुठल्या गावची होती कोण जाणे. दाजींच्या बोलीवर दुसऱ्या कुणी बोली लावली की फोन थरथरायचा आणि त्यावर अक्षरं यायची, 'तुम्हाला बाहेर बोललं गेलं आहे!' पहिल्यांदा ते वाचून अक्का खरोखर ओसरीवर जाऊन पाहून आली, बाहेर कोण बोलतंय ते.

प्रत्येक वस्तूखाली ढालीचं चित्र होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'खरेदीदार संरक्षण.' दाजींनी ती ढाल मला मोठी करून दाखवली. बैलबाजारात अशी सोय कधी झाली नव्हती, असं ते म्हणाले.

बोली लावणाऱ्यांची नावं कंपनी झाकून ठेवायची. एक अक्षर आणि पुढे तीन चांदण्या. दाजींसमोर असाच एकजण उभा ठाकला होता. दाजींनी बोली लावली की काही वेळाने हा थोडीशी वर लावायचा. फार नाही, जेमतेम. दाजी चढले की पुन्हा जेमतेम. दाजींनी त्याचं नावच 'चांदणीवाला' पाडलं. तो पुण्याचा असावा, मोठ्या पगारावरून रिटायर झालेला असावा, त्याचा बंगला असावा आणि त्या बंगल्यात आपल्या बापाचा कंदील शोभेला टांगायचा त्याचा बेत असावा, इथपर्यंत दाजींनी शोध लावला. दुकानात आलेल्या शेतकऱ्यांना सोयाबीनचं बी देता देता ते त्या पुणेकराच्या स्वभावाविषयी बोलू लागले. लोकही ऐकून घेत. एकाने तर विचारलं म्हणे, की एवढा पैसा हाय तर जमीन का घेत न्हाई तो.

लिलाव पुढच्या रविवारी दुपारी संपणार होता. दाजींनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मला समोर बसवलं आणि अक्काला चहा करायला सांगितलं. जेवढ्या भावात कंदील घ्यायचा असं त्यांनी अक्काजवळ कबूल केलं होतं, तो भाव चहा यायच्या आतच मागे पडला. चहा आला तेव्हा त्या कंदिलाच्या भावात घरी चांगलं शिलाई मशीन आलं असतं. अक्का तसं म्हणालीही. दाजींनी ऐकलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते. फोन थरथरला की ते बोट दाबायचे. आणि अगदी शेवटच्या क्षणी चांदणीवाल्याने एकदा जेमतेम वर बोली लावली, आणि वेळ संपली. 'तुम्ही हरवले गेले आहात,' असं फोनने कळवलं.

दाजींनी फोन गल्ल्यावर पालथा ठेवला. गावात मयत झाल्यावर बसतात तसे आम्ही थोडा वेळ बसलो. मग ते म्हणाले की जाऊ द्या, पुण्याच्या मानसासमोर आपण कुठवर टिकनार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला कॉलेजात त्यांचा फोन आला. आवाज इतका बदललेला की मी ओळखला नाही. विकणाऱ्याचा निरोप आला होता. सगळ्यात वर बोली लावणाऱ्याच्या घरी कुणीतरी अचानक आजारी पडलं, ते दवाखान्यात आहेत, म्हणून त्यांनी माघार घेतली. तुमची बोली दुसरी. तुम्ही लावलेल्या भावाला कंदील तुमचा. तुमचं नशीब.

पुणेकराच्या घरचं आजारपण ऐकून दाजींना मनापासून वाईट वाटलं. दोन दिवस ते त्याला पुणेकर म्हणत होते, चांदणीवाला म्हणत नव्हते.

विकणाऱ्याने सोबत आणखी एक गोष्ट सुचवली होती. कंपनीमार्फत पैसे भरू नका, सरळ माझ्या खात्यात टाका, कमिशन वाचेल, थोडं तुम्हाला सोडतो. इथे मात्र दाजींमधला बाजारातला माणूस जागा झाला. त्यांनी साफ नकार दिला. बाहेरून पैसे दिले तर कंपनीची ढाल आपल्या अंगावर राहत नाही, हे त्यांनी स्वतःच वाचून काढलं होतं. पुढचा आठवडाभर ते हीच हकिकत सगळ्यांना सांगत होते. मला म्हणाले, "मास्तर, त्यानं मला खुळा समजला. आपन बाजार करून बसलेली मानसं." पैसे त्यांनी रीतसर कंपनीमार्फत भरले. सगळे. त्यांनीच चढवलेल्या भावाने.

कंदील आला. खोकं फोडायला मी नव्हतो, पण रविवारी गेलो तेव्हा तो गल्ल्याशेजारी स्टुलावर होता आणि गावातली माणसं येऊन बघून जात होती. हिरवट काळा पडलेला, धुरकटलेला, अगदी जसा असावा तसा. दाजी टोपी फिरवून लाल-हिरवा करून दाखवत होते. तेल मात्र घालू देत नव्हते.

बुधवारी दाजी बियाण्यांच्या मीटिंगला परभणीला आले होते. अक्काला घरात काळं भांडं सहन होत नाही. तिने चिंच आणि राख घेतली आणि कंदील मोरीत नेला. अक्काने पुढे मला सांगितलं की जुनं पितळ घासताना हात भरून येतात, पहिल्या घासणीला काही होत नाही. या कंदिलाचा काळेपणा मात्र पहिल्याच हाताला पाण्याबरोबर वाहून गेला. खालून पितळ निघालं ते लग्नात रुखवतावर मांडलेल्या समईसारखं. बुडाचा काळा रंग निघाला आणि त्याखाली एक चिकटवलेला कागद निघाला, अर्धा फाटलेला, त्यावर उभ्या काळ्या रेघा. बिस्किटाच्या पुड्यावर असतात तशा.

दाजी घरी आले तेव्हा अक्काने कंदील पुसून त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "अवं, निजामाच्या राज्यात ह्या रेघा असायच्या का?"

दाजींनी कंदील उचलून उजेडात धरला. नख लावून पाहिलं तर लाल काचेवरचा लाल रंगही निघाला. हिरवी काच तेवढी खरी हिरवी होती. ते जेवले नाहीत, असं अक्का म्हणाली, आणि तिला उगीचच आपण घासला नसता तर बरं झालं असतं असं वाटत राहिलं.

आता ढालीची वेळ आली. मी रविवारी गेलो आणि आम्ही कंपनीकडे तक्रार केली. आधी यंत्राशी बोलावं लागलं. यंत्र अत्यंत मायाळू होतं. त्याला आमची गैरसोय समजत होती. आमची गैरसोय त्याच्यासाठी महत्त्वाची होती. ती दूर करायची म्हटली की ते पुन्हा पहिल्यापासून विचारायचं, आज मी आपली काय मदत करू. बऱ्याच वेळाने एका मुलीचा आवाज आला. तिने खोकं उघडतानाचं शूटिंग मागितलं. दाजींनी ते केलं नव्हतं. बैल घरी आणताना आपण शूटिंग करतो का, असं त्यांनी तिला विचारलं. तिने ते लिहून घेतलं असावं. मग फोटो मागितले, ते आम्ही पाठवले. रेघांचा, निघालेल्या लाल रंगाचा, चकचकीत पितळेचा.

चार दिवसांनी उत्तर आलं. खरेदीदार संरक्षण मिळण्यासाठी वस्तू मूळ स्थितीत असणं आवश्यक आहे. आपण वस्तूचा प्राचीनपणा पुसून टाकल्याचं फोटोंवरून दिसून येतं. सबब आपला दावा नामंजूर.

पुढच्या रविवारी मी ते वाचून दाखवलं तेव्हा अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हंजी मी घासलं न्हाई तर तो खोटा हाय हे कळत न्हाई, आन घासलं तर तक्रार चालत न्हाई." एवढ्या नेमक्या शब्दांत ते नियम मला त्या कंपनीच्या कुठल्याच पानावर सापडले नाहीत.

त्या दिवशी मी गाडीची वाट बघत सहज त्या लिलावाची जुनी पानं चाळत होतो. बोली लावणाऱ्याच्या चांदण्यांवर बोट दाबलं की त्याची थोडी माहिती येते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या पुणेकराची माहिती आली. त्याने आजवर लावलेल्या सगळ्याच्या सगळ्या बोली या एकाच विकणाऱ्याच्या वस्तूंवर होत्या. अडकित्ता, दौत, पानाचा डबा, घंटा. दुसऱ्या कुणाकडे कधी काही मागितलेलं नव्हतं. आणि एवढ्या बोली लावून त्याने एकही वस्तू घेतलेली नव्हती.

मी परत दुकानात गेलो आणि दाजींना ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, वाचलं. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. मला वाटलं रागावतील. पण त्यांना शरम वाटत होती. ज्या माणसाला ते आयुष्यभर बाजारात खांद्यावर हात ठेवून उठवत आले, त्याच्याच घरच्या आजारपणाची त्यांनी काळजी केली होती. "खांदाच दिसंना तर हात कुठं ठेवावा," एवढंच ते म्हणाले.

पण दाजी बसून राहणारे नव्हेत. त्याच विकणाऱ्याकडे एक तांब्याचा गडवा लिलावात होता. बुडाला भोक पडलेला. भोक फोटोत स्पष्ट दिसत होतं, त्याला 'काळाच्या खुणा' म्हटलं होतं. त्या गडव्याला जगात कुणी विचारत नव्हतं. दाजींनी बोली लावली. काही वेळाने फोन थरथरला. तुम्हाला बाहेर बोललं गेलं आहे. चांदणीवाला हजर. दाजी चढले, तो चढला. अक्का कपडे वाळत घालता घालता मध्येच येऊन भाव विचारून जात होती. भोक पडलेल्या गडव्याचा भाव नव्या घागरीच्या वर गेला तेव्हा दाजींनी हात आवरला. गडवा चांदणीवाल्याच्या गळ्यात पडला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. सगळ्यात वर बोली लावणाऱ्याच्या घरी कुणीतरी अचानक आजारी पडलं आहे. गडवा तुमचा. तुमचं नशीब.

"ह्याच्या घरचं दुखनं काई सरंना," अक्का म्हणाली.

आम्ही दोन्ही निरोप शेजारी शेजारी ठेवून फोटो काढले. शब्द न् शब्द सारखा होता. चांदणीवाल्याची माहिती जोडली. मी माझ्या बऱ्यापैकी इंग्रजीत सगळी हकिकत लिहिली की विकणारा आणि बोली चढवणारा एकच आहेत किंवा एकमेकांचे आहेत, आणि आम्ही तो गडवा केवळ हे दाखवण्यासाठी चढवून पाहिला. हे शेवटचं वाक्य मी प्रामाणिकपणे घातलं होतं. माझ्या एकूण लिखाणापैकी एवढ्या बारकाईने वाचलं गेलेलं वाक्य दुसरं नसेल.

कंपनीने खरंच चौकशी केली. निकालाचं पत्र मराठीत आलं. लिलावाची विश्वासार्हता जपणं हे आमचं पहिलं कर्तव्य आहे. वस्तू घेण्याचा हेतू नसताना बोली लावून भाव वाढवल्याचं आढळून आल्यामुळे, संशयास्पद बोलीच्या कारणावरून खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.

वरच्या बाजूला खात्याचं नाव होतं. ते दाजींचं होतं.

चांदणीवाला त्याच दुपारी एका पानदानावर बोली लावत होता.

दाजींना मी इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. पैसे गेल्याचं त्यांनी एव्हाना सोडून दिलं होतं. पण संशयास्पद हा शब्द त्यांना फार लागला. दोन दिवस ते दुकानात बसले खरे, पण कुणी बैलाचं विचारायला आलं तर सांगायचे की माझं काही खरं न्हाई, दुसऱ्या कुनाला न्या. अक्काने मला फोन करून बोलावलं, मधल्या वारी. असं ती कधी करत नाही.

कॉलेजातला माझा एक जुना मित्र परभणीत वकिली करतो. मी दाजींना त्याच्याकडे नेलं. त्याने सगळं ऐकलं, मध्येमध्ये हसू दाबलं आणि सांगितलं की ग्राहक आयोगात जाता येईल, पण आधी कंपनीला साधी नोटीस देऊ. नोटिशीत त्याने कंदिलाच्या रेघा, दोन आजारपणं आणि एकाच दारी लावलेल्या बोली एवढंच मांडलं. चिंचेचा उल्लेख असावा की नाही यावर दाजी आणि तो बराच वेळ बोलत होते. शेवटी असावा असं दाजींनीच ठरवलं. लपवायला आपण काय चोर हाव का, म्हणाले.

नोटीस गेल्यावर कंपनीचा सूर बदलला. यंत्र मध्ये आलं नाही. एका अधिकाऱ्याचा थेट फोन आला, फार गोड बोलणारा. झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो आणि सदिच्छा म्हणून आम्ही आपल्याला एक कूपन देतो, पुढच्या लिलावात वापरा, असं तो म्हणाला. दाजींनी फोन स्पीकरवर ठेवला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "कूपन कुठं वापरू, साहेब? माजं खातं तर तुमीच बंद केलंय."

साहेबाने खात्याचा नंबर पुन्हा एकदा विचारून घेतला. मग तो पुन्हा फोन करतो म्हणाला.

महिन्याभरात पैसे परत आले. अपवाद म्हणून, चूक मान्य न करता, असं सोबत लिहिलं होतं. खातं बंदच राहिलं. संशयास्पदही तसंच राहिलं. त्याविषयी वकिलाने आणखी लढू का असं विचारलं, तेव्हा दाजी नको म्हणाले. ते दुकानात पुन्हा नेहमीसारखे बसू लागले, पण झाला प्रकार त्यांनी कुणापासून लपवला नाही. कुणी विचारलं तर पहिल्यापासून सांगायचे, पुणेकराच्या बंगल्यासकट, आणि स्वतःवरच हसायचे. ते पाहून मला त्यांच्याविषयी पहिल्यापेक्षा जास्त आदर वाटला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

पैसे परत दिले तेव्हा कंदील मात्र कंपनीला परत हवा होता. तो न्यायला माणूस येणार होता. अक्काने तो पुन्हा घासून, कापडात गुंडाळून ठेवला. ठरल्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. मी पेडगावात उभाय, तुमचं दुकान कुठं दिसना, म्हणाला. दाजींनी त्याला समजावलं की पेडगाव परभणीच्या पलीकडं, ताडकळस अलीकडं, तुमी उलट्या वाटेला लागलाव. तो म्हणाला की फोनवर तर इथंच दाखवायलंय. उद्या येतो म्हणून त्याने ठेवून दिला. संध्याकाळी कंपनीचा संदेश आला. आपली वस्तू आम्हाला सुखरूप परत मिळाली आहे. धन्यवाद.

दाजींनी कंपनीला कळवायचा प्रयत्न केला. खातं बंद असल्यामुळे कळवता आलं नाही. वकिलाने एक पत्र पाठवलं, त्याला उत्तर नाही, आणि तो माणूसही पुन्हा आला नाही.

मागच्या रविवारी मी मुक्कामाला होतो. दिवेलागणीला लाइट गेली. अक्काने कपाटातून तो कंदील काढला, तेल घातलं, वात सारली आणि ओसरीवरच्या खुंटीला अडकवला. त्या कंदिलाच्या उजेडात आम्ही ताटं घेऊन बसलो. दाजींनी टोपी फिरवली तसा सगळ्या ताटांवर हिरवा उजेड पडला, भाकरीसुद्धा हिरवी दिसायला लागली. मग त्यांनी लाल केला. रंग अर्धा खरवडलेला, त्यामुळे अक्का लाल दिसत होती आणि मी नेहमीसारखा. ते पुन्हा हिरव्यावर न्यायला लागले तेव्हा अक्काने त्यांचा हात धरला.

"पांढरा करा तेवढा," ती म्हणाली. "भाजीत मीठ पडलंय का न्हाई, मला बगू द्या."